मदत हवी आहे: सेकंडहँड पिकअपची ऑइलं कशी तपासायची?

मंडळी, कांदा मार्केटला न्यायला सेकंडहँड बोलेरो पिकअप घेतलीय, बीएस फोर. आधीच्या मालकाकडे सर्व्हिसिंगचे कागदच नाहीत, त्यामुळे कुठलं ऑइल कधी बदललं याचा पत्ता नाही.

इंजिन ऑइल सपाट जागेवर, गाडी बंद करून थोड्या वेळाने पाहिलं. पट्टीवर दोन खुणांच्या मधोमध आहे, पण काळंकुट्ट. डिझेल गाडीत ते लवकर काळं होतं हे ठाऊक आहे, तरी फिल्टरसकट बदलून टाकलेलं बरं ना? ब्रेक ऑइल मिनच्या जरासं वर. पॅड झिजले की पातळी उतरते, म्हणून आधी पॅड-लायनर बघू की सरळ टॉपअप करू? कूलंट नावालाच हिरवं, बाकी पाणीच.

खरा घोळ गिअरबॉक्स आणि मागच्या हाउसिंगचा (मागच्या दोन चाकांच्या मधला, गिअर असलेला डबा). तिथे पट्टीच नाही. बाजूचा बोल्ट काढून बोट घालायचं, भोकाच्या खालच्या काठाला ऑइल लागलं म्हणजे बरोबर, असं आमचा मिस्त्री सांगतो. पण तो गाडी एका बाजूने जॅकवर चढवून बघतो! तिरक्या गाडीत पातळी बरोबर कशी कळणार? आणि दोन्हीकडे ग्रेड एकच की वेगळा?

हीच गाडी वापरणाऱ्यांनी जरा सांगा. पुढच्या आठवड्यात माल भरायचाय.