ओलिओग्राफला वाली कोण?

शिळाछाप
काल हिशेबनीस यांनी इथल्याच रविवर्म्याच्या ओलिओग्राफच्या (तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या, दगडावरून छापलेल्या रंगीत चित्रांच्या) चर्चेच्या धाग्यावर काडी टाकली: 'छापील चित्रांच्या हजारो प्रती निघाल्या. एक बरी प्रत स्कॅन करा. संस्थांनी बाकीच्या कागदांवर देणग्या उधळू नयेत. पोथी एकमेव असते, पैसा तिला द्या.' वाचून डोकं फिरलं. तिथे लिहिलं असतं तर तो धागा बुडाला असता, म्हणून इथे.

हजारो निघाल्या, मान्य. उरल्या किती? ही चित्रं देवघरात आणि दुकानाच्या गल्ल्यामागे लागलेली. समोर उदबत्ती, मागे भिंतीची ओल आणि फ्रेमवाल्याने ठोकलेली फळी. फळीतलं आम्ल कागदात उतरतं, कागद तपकिरी होतो आणि शेवटी पापडासारखा मोडतो. वरचं व्हार्निश पिवळं पडतं ते वेगळंच. स्कॅनमध्ये पिवळेपणासकट रंग येतील. पण एकेका रंगाला वेगळा दगड असायचा. कुठला रंग कशावर चढला, कुठे दगड सरकला, हे मूळ कागद भिंगाखाली धरूनच कळतं. काही प्रतींवर लोकांनी हौसेने जरतार आणि टिकल्या चिकटवल्यात. ती प्रतही पोथीइतकीच एकमेव. आणि मळवलीचा रविवर्मा प्रेस १९७२ च्या आगीत गेला, तेव्हा 'परत छापू' हा पर्याय नाही.

पोथ्यांसाठी २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन निघालं. २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञानभारतम् मिशन आलं, एक कोटीच्या वर हस्तलिखितांसाठी. चांगलंच आहे. पण मिशनच्या व्याख्येत मजकूर हाताने लिहिलेला हवा आणि किमान ७५ वर्षं जुना. शिळाछाप (दगडावरून छापलेलं) आणि छापील वगळलंय. म्हणजे १८७८ साली पुण्यात निघालेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या चित्रशाळा छापखान्याचं रामपंचायतन पोथीच्या शेजारच्या कप्प्यात असलं, तरी पोथीला औषध मिळणार आणि रामाला कसर. म्हणून माझं म्हणणं, संस्थांनी 'चित्र दत्तक' योजना काढावी, म्हणजे एकेका चित्राच्या जपणुकीचा खर्च एकेका देणगीदाराने उचलायचा. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने पुस्तकांसाठी काढलीच आहे.

हिशेबनीस
माझं अर्धंच वाक्य उचललंत, चालायचंच. मी न्यासांचे हिशेब तपासतो, त्यामुळे भावनेला हात घालू नका. एका संग्रहाच्या खतावणीत 'संवर्धन' या खात्यावर वर्षानुवर्षं एकच खर्च: डांबरगोळ्या. ठेवींचं व्याज पगार आणि वीजबिलात संपतं.

सीएसआर (कंपन्यांनी नफ्यातून समाजकामावर करायचा खर्च) म्हणाल, तर कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात वारसा आणि कला आहेत की. पण कंपनीला अहवालात छापायला फोटो लागतो. वाड्याला रंग दिला की आधीचा-नंतरचा फोटो निघतो. अंधाऱ्या पेटीत आडव्या ठेवलेल्या चित्रावर कंपनीची पाटी कुठे ठोकणार? राहिला सामान्य माणूस. नवी करप्रणाली घेतली की देणगीवरची करवजावट गेली. दत्तक कोण घेणार, तुम्ही?

टिपणवही
दत्तक घ्यायला आधी मूल दाखवा तरी! मी चित्रशाळेच्या चित्रांवर काम करते. एका नामांकित संग्रहात गेले. कॉलेजचं पत्र आणा. आणलं. गाईडची सही हवी. आणली. मग 'किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर'. शेवटी चित्र दिसलं ते काचेआडून, आणि मोबाईल काढला तर दर फोटोमागे पैसे सांगितले. जे लोकांना बघायलाच मिळत नाही त्याला लोकांनी पैसे का द्यावेत?

पंचगंगा
+१. आमच्याकडे तर 'सूची आहे, पण ती दाखवत नाही' असं उत्तर मिळालं.

कपाट क्र. ७
किल्लीवाल्याच्या बाजूने कुणी बोलणार नाही, म्हणून मी बोलतो. अशाच संस्थेत आयुष्य गेलं. एक सभ्य दिसणारे अभ्यासक पत्र-सही घेऊन आले आणि ब्लेडने पान कापून नेलं. मेमो मला मिळाला. तुम्ही लोक गोड बोलून आत येता आणि उत्तरं आम्ही द्यायची. वर २००४ साली पुण्याच्या भांडारकर संशोधन संस्थेत जमावाने घुसून नासधूस केली, ते विसरलात?

टिपणवही
'तुम्ही लोक' म्हणजे कोण? मी ब्लेड घेऊन हिंडते का? आणि भांडारकरच्या हल्ल्याचा मला चित्र न दाखवण्याशी काय संबंध? दरवेळी तेच पुढे करून कुलूप लावायचं. सुरक्षितता म्हणे! तिथे आडोशाला बादली ठेवली होती गळक्या छताखाली, ती दिसली मला. तिला कुलूप नव्हतं.

कपाट क्र. ७
बादली आम्ही ठेवली म्हणून कपाटं वाचली, ताई. छताची फाईल मुंबईला होती. रजेच्या दिवशी पाऊस आला की मी घरून जायचो. असो. तुमच्यासारख्यांना पगारही आमचा जास्तच वाटत असेल.

शिळाछाप
अहो, धागा निधीचा आहे. किल्लीचा वेगळा काढा.

पंचगंगा
किल्लीशिवाय निधी येणार नाही, हेच तर चाललंय.

वाड्यातला
वेगळा अनुभव. आजोबांनी आमच्याकडची ओलिओग्राफ एका गावातल्या वाचनालयाला दिली. नंतर बघायला गेलो तर देणगी मिळाली म्हणून मोठ्या कौतुकाने सगळी लॅमिनेट करून जिन्यात लावलेली. काकू तिथेच रडली.

हिशेबनीस
घ्या! पैसे नव्हते तोवर चित्रं वाचली होती.

कपाट क्र. ७
यात मात्र हिशेबनीस बरोबर आहेत, बोलायला जड जातंय. गरम लॅमिनेशन चिकटलं की चित्राला धक्का न लावता ते काढणं जवळपास अशक्य. सेलोटेपचंही तेच, टेप गळून पडते आणि डिंकाचा डाग उरतो. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाची खळ लागते. ती पुढे कुणाला पाण्याने सोडवता येते. पण हे शिकलेल्या माणसाने करायचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या प्रयोगशाळेत बाहेरची कामंही घेतात. ते परवडत नसेल तर निदान फ्रेममागची फळी काढा, चित्र आम्लमुक्त फोल्डरमध्ये आडवं ठेवा आणि खोली कोरडी ठेवा. त्याला दत्तकबित्तक काही लागत नाही.

टिपणवही
आणि सूची जाहीर करा. तेवढं केलंत तर बादलीचं मागे घेते. ब्लेडचं तुम्ही घ्या.

कपाट क्र. ७
मी निवृत्त आहे. सूची द्यायला आता मलाच पत्र आणावं लागेल.

हिशेबनीस
फोल्डर आणि पेट्यांचं दुकानाचं बिल दाखवणारी एखादी संस्था असेल तर पहिला चेक माझा. स्कॅनचं मत बदललेलं नाही. लॅमिनेशन मशीन असलेल्यांनी अर्ज करू नये.

शिळाछाप
नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. बिल त्यांच्याकडे आहे, सूची अर्धीच झालीय.

टिपणवही
अर्धी तर अर्धी. मलाही व्यनि करा.