डिस ट्रॅक ऐकायचा की टिपांसकट वाचायचा?

अर्धा_चहा

ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीश जेनेट व्हार्गास यांनी रॅपर ड्रेकचा बदनामीचा दावा फेटाळला, तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. दावा त्याचा प्रतिस्पर्धी रॅपर केंड्रिक लमारवर नव्हता. दोघांचीही गाणी बाजारात आणणाऱ्या युनिव्हर्सल म्युझिकवर होता. ड्रेकचं म्हणणं असं की 'नॉट लाइक अस' या केंड्रिकच्या डिस ट्रॅकमधले, म्हणजे त्याला झोडपण्यासाठीच काढलेल्या गाण्यातले, अल्पवयीन मुलींबाबतचे आरोप खोटे आहेत हे माहीत असूनही कंपनीने ते गाणं जोर लावून गाजवलं. कोर्ट म्हणालं, एकमेकांवर चिखलफेक करणाऱ्या रॅपच्या झटापटीतली ओळ कोणी समजूतदार श्रोता पडताळलेली माहिती म्हणून घेत नाही. ते मत झालं, वस्तुस्थितीचं विधान नव्हे.

श्रोत्यापुरतं मला हे पटतं. पण मे २०२४ मध्ये हे गाणं नुसतं ऐकलं किती जणांनी? एका खिडकीत गाणं, दुसरीत जीनियस, म्हणजे गाण्यांचे बोल आणि चाहत्यांनी लिहिलेल्या टिपा दाखवणारं ॲप. ओळीवर बोट ठेवलं की शेजारी टीप उघडते: अमक्या साली अमुक घडलं, ही घ्या बातमी. गाण्यात जी शिवी होती तिचं टिपेत आरोपपत्र होतं. टिपा लिहिणारेही आपल्यासारखेच रात्रभर जागलेले चाहते, आणि त्या आठवड्यात वारं केंड्रिककडे वाहत होतं हे सगळ्यांना आठवत असेल.

माझं मत सरळ आहे. नवीन डिस ट्रॅक आला की पहिले चार-आठ दिवस बोल उघडू नयेत. कळला तेवढा कळला.

सावंतवाडीकर

म्हणजे केंड्रिकच्या गावी, कॉम्प्टनमध्ये जन्मलेल्यालाच कळावा, असं म्हणा की. त्याचंच ड्रेकवरचं 'युफोरिया' हे गाणं सहा मिनिटांच्या वर आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला एवढंच समजलं की माणूस चिडलाय. कोण कोणाच्या बाजूचा, कोणत्या जुन्या गाण्याला टोला आहे, हे टिपा नसत्या तर आयुष्यात कळलं नसतं.

आमच्याकडे डबलबारीला, म्हणजे भजनाच्या सामन्याला, दोन बुवा समोरासमोर बसतात. गजरात एकाने दुसऱ्याला चिमटा काढला की मांडवात कोणीतरी शेजारी असतोच, जो कानात सांगतो, "हा गेल्या वर्षीच्या बारीचा राग हां." ॲप म्हणजे तो शेजारी. त्याला उठवून लावलं तर मी नुसतीच पखवाज ऐकत बसायचं का?

अर्धा_चहा

@सावंतवाडीकर, तुमच्या शेजाऱ्याचं सांगणं पहाटे बारीबरोबर संपतं. टीप वर्षानुवर्षं तिथेच राहते, आणि ती कोणी लिहिली ते कोणी बघत नाही.

बेसुरा

टिपांनी अर्थ कळतो हेच मुळात मला मान्य नाही. केंड्रिकचंच '६:१६ इन एलए' हे गाणं घ्या. नावातल्या आकड्यावरून एकाच दिवसात किती शोध लागले! १६ जून हा दिवंगत रॅपर टुपाकचा वाढदिवस. २०२४ चा फादर्स डेही १६ जूनला. ड्रेक ज्या 'युफोरिया' नावाच्याच टीव्ही मालिकेचा निर्माता, तिचा पहिला भाग १६ जून २०१९ चा. तिन्ही गोष्टी खऱ्या. केंड्रिकच्या डोक्यात यातली कोणती होती, की एकही नव्हती, हे टीप लिहिणाऱ्याला काय ठाऊक? पण तिन्ही टिपांचा सूर असा की जणू कवीने स्वतः येऊन सांगितलंय.

बोल तरी धड असतात का? गाणं पडल्यावर काही मिनिटांत कोणीतरी कानाने ऐकून टाइप करतो आणि तेच सगळीकडे फिरतं. २०१९ मध्ये जीनियसने गूगलवर दावा लावला होता तो याच फिरण्यावरून. त्यांनी बोलांमध्ये सरळ आणि वाकडे अपॉस्ट्रॉफी अशा क्रमाने पेरले होते की मोर्स संकेतात वाचलं तर 'रंगेहाथ' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द निघावेत. तोच क्रम गूगलच्या पानावर सापडला. तरी दावा टिकला नाही, कारण बोलांचा हक्क जीनियसचा नव्हताच, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही हात लावला नाही. युक्ती मात्र झकास. आता कल्पना करा, अपॉस्ट्रॉफीच्या जागी कोणी चुकीचा ऐकलेला शब्द असाच चार ठिकाणी गेला तर?

टोरांटोची_वहिनी

तुम्ही सगळे टिपांच्या मागे लागलात. 'नॉट लाइक अस'च्या कव्हरवर ड्रेकच्या इथल्या, टोरांटोतल्या घराचा वरून घेतलेला फोटो होता, त्यावर गुन्हेगारांच्या नकाशावर असतात तशा लाल खुणा. ते पाहायला कोणतं ॲप लागत होतं? ७ मे ला त्या घराबाहेर गोळीबार झाला आणि पहारेकरी जखमी झाला. दोन्हींचा संबंध सिद्ध झालेला नाही, तेव्हा मीही जोडत नाही. पण आरोप गाण्यातच होता, कव्हरवरच होता. त्या बिचाऱ्या टीप लिहिणाऱ्या पोरांवर कशाला ढकलता?

बेसुरा

बिचारी?

मधली_सुट्टी

वहिनी, एक उदाहरण देते, मग सांगा. २०१८ मध्ये पुशा टी या रॅपरने गाण्यातून जाहीर केलं की ड्रेकला एक मुलगा आहे. महिनाभरात ड्रेकने 'स्कॉर्पियन' अल्बमवर स्वतःच ते कबूल केलं. २०२४ मध्ये केंड्रिकने 'मीट द ग्रॅहम्स'मध्ये म्हटलं की ड्रेकची एक लपवलेली मुलगी आहे. ड्रेकने नाकारलं, वर 'द हार्ट पार्ट ६'मध्ये म्हणाला की ही खोटी माहिती आम्हीच तुमच्यापर्यंत पोहोचवली. त्याचंही खरं कशावरून? पण मुलगी आहे याचा पुरावा काही पुढे आला नाही.

ऐकताना या दोन्ही ओळी सारख्याच बोचतात. तिथे खरं-खोटं करण्यासाठी मला टीपच उपयोगी पडली. म्हणून मी अर्धा_चहा यांच्या बरोबर उलट सांगेन: पहिल्या दिवशीच वाचा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा वाचा. टिपा बदलतात. खोडून नव्याने लिहिल्या जातात. गाणं बदलत नाही.

अर्धा_चहा

सहा महिन्यांनी पुन्हा वाचणारे तुमच्यासारखे किती? लोकांचा निकाल ४ मे २०२४ ला 'नॉट लाइक अस' आलं त्याच आठवड्यात लागला होता. पुढे केंड्रिकला मिळालेले पाच ग्रॅमी, सुपर बोलचा मध्यंतर सोहळा, हे सगळं त्या निकालावरचं कुंकू.

आणि टिपा बदलतात म्हणता, तर रॅपर जे. कोलचं बघा. एप्रिल २०२४ मध्ये त्याने केंड्रिकवर गाणं काढलं, दोन दिवसांत राली शहरातल्या स्वतःच्या महोत्सवात स्टेजवरून चूक कबूल केली, आणि मग ते गाणं स्ट्रीमिंगवरून काढूनही टाकलं. या सगळ्या प्रकरणात शहाण्यासारखं वागलेला तो एकच माणूस. बोल मात्र अजून ॲपवर आहेत, टिपांसकट.

सावंतवाडीकर

असू देत की! त्याने शब्द परत घेतला तो केंड्रिककडून. माझ्याकडून कुठे घेतला? बोललेलं लोकांच्या लक्षात राहणार, या भीतीनेच तर बुवा तोल सांभाळून बोलतो. आणि शहाणा वगैरे जाऊ द्या, मैदान सोडून गेला तो. आमच्याकडे अर्ध्या बारीतून उठलेल्या बुवाला पुढच्या वर्षी सुपारी मिळत नाही.

टोरांटोची_वहिनी

+१. पण फुकट वापरणाऱ्यांसाठी स्पॉटिफायने त्याच मे महिन्याच्या आसपास बोल कुलूपबंद केले होते, नंतर पुन्हा उघडले, हे कोणाला आठवतंय का? अर्धा_चहा यांचा चार-आठ दिवसांचा उपास तेव्हा इथल्या अर्ध्या पोरांना आपोआप घडला. त्यांनी काय केलं? जीनियस उघडलं.