मदत हवी आहे: चारधामचा 'अनुभव' लिहिणारे कमिशनवर निघाले, आता काय करू?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, राजारामपुरीत राहते. आई-अण्णांना चारधामला पाठवायचं चाललंय. अण्णा सत्तरीचे, गुडघा दुखरा, आणि गौरीकुंडापासून केदारनाथची वाट १६ किलोमीटर चढणीची. म्हणून कंपनी ठरवण्याआधी मी महिनाभर नेटवर लोकांचे अनुभव वाचत होते.

एका गृहस्थांचं लिहिणं फार पटलं. 'माझ्या आईला यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं,' असं लिहिलं होतं. मी निरोप पाठवला, त्यांनी सगळ्या शंकांना न कंटाळता उत्तरं दिली. शेवटी म्हणाले, 'ऑफिसात माझं नाव सांगा, नीट बघतील.'

शाहूपुरीतल्या ऑफिसात गेले, नाव सांगितलं, २०,००० रुपये अ‍ॅडव्हान्स भरला. काउंटरवरच्या मुलीने पावती फाडताना 'मार्फत'च्या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं. हे कशाला, विचारलं तर म्हणाली, 'त्यांचं कमिशन लावायला लागतं की, मॅडम.'

घरी येऊन त्यांचं जुनं लिखाण काढलं. केरळ, काशी, अंदमान, सगळीकडे हीच कंपनी, आणि दर वेळी आईला तसंच जपलेलं. कमिशन घेण्यात गैर काही नाही. आमच्या गल्लीतले विमा एजंटही घेतात, पण ते एजंट म्हणूनच दारात येतात. यांनी मुलगा म्हणून लिहिलं आणि मी लेक म्हणून विश्वास ठेवला. फार लागलंय हे मनाला.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या सूचना वाचल्या. पैसे, सवलत, फुकट सहल असा कसलाही लाभ मिळत असेल तर शिफारस करताना तो स्पष्ट सांगायचा, असं त्यात आहे. पण असा साधा, कमिशनवरचा माणूस त्यात धरतात का? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर अशी तक्रार कुणी केली आहे का? आणि याच कारणावरून अ‍ॅडव्हान्स परत मागता येईल का? पावतीमागे 'रक्कम परत मिळणार नाही' असं छापलंय.

दुसरं, गुडघेदुखीच्या माणसाला घेऊन कुणी केदारनाथला गेलं असेल तर घोडा घेतला की पालखी, आणि मुक्काम कुठे केला, तेही सांगा.

उरलेले पैसे शनिवारपर्यंत भरायचे आहेत. उत्तर देताना स्वतः गेला होता की ऐकीव आहे, आणि कुठल्या कंपनीशी देणंघेणं असेल तर तेही आधी लिहा, एवढी कळकळीची विनंती.