मदत हवी आहे: मुलगा फुटबॉलचा किकर, तीन कॉलेजांचे निरोप आणि आमचा एच-४

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज अडले म्हणून लिहितेय. धागा लांबणार आहे, आधीच माफी.

आम्ही ओहायोत, कोलंबसजवळ राहतो. चिरंजीव बारावीत. जन्म नाशिकचा, दोन वर्षांचा असताना इथे आलो. नवऱ्याचा एच-१बी (नोकरीचा व्हिसा), आम्हा दोघांचा एच-४ (त्याच्यावर अवलंबून असलेल्या बायको-मुलांचा), ग्रीन कार्डाची रांग तुम्हाला माहीतच आहे. लहानपणी सॉकर खेळायचा. नववीत शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या कोचने त्याला चेंडू मारताना पाहिलं आणि किकर करून टाकलं. सासूबाईंना अजून पटलेलं नाही. "हातात घेऊन पळतात तर फुटबॉल कसा?" हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि "डोकं शाबूत राहील ना?" हा दुसरा. दुसऱ्याला मी सांगते की किकरला फारसं कुणी पाडत नाही. पहिल्याला उत्तर नाही.

कामगिरी: सामन्यातला सर्वात लांबचा फील्ड गोल (लाथेने चेंडू गोलपोस्टच्या खांबांमधून पार करणं) 47 यार्डांचा. जीपीए 3.9, जायचंय मेकॅनिकल इंजिनिअरिंगला.

एक गोष्ट आधी सांगते, कारण कोच लोक सतत तेच विचारतात. शाळेत फील्ड गोल मारताना चेंडू दोन इंचांच्या रबरी ठोकळ्यावर ठेवता येतो. कॉलेजात थेट जमिनीवरून मारावा लागतो. जूनमध्ये त्याने ठोकळा गॅरेजमध्ये फेकला आणि पहिला आठवडाभर सगळे चेंडू खुरटे. समोर बचावफळी असती तर सगळे हेल्मेटांवर आदळले असते. चेंडू धरायला घरात मीच. गुडघा टेकून, एक बोट वरच्या टोकावर, लेस (चेंडूवरची दोरीची शिवण) गोलपोस्टच्या बाजूला. लेस त्याच्याकडे आली की ओरडतो, "आई, लेस!" ऑगस्टअखेर जमिनीवरून 45 बसू लागला. त्याचा व्हिडिओ पाठवल्यावरच खरे फोन सुरू झाले.

आता मुद्दा. हाताशी तीन निरोप आहेत. नावं देत नाही.

पहिलं: राज्यातलं मोठं सरकारी विद्यापीठ, डिव्हिजन वन (कॉलेजच्या खेळांच्या तीन श्रेणींतली सर्वात वरची). कोच म्हणाला, "तू आम्हाला हवा आहेस, प्रिफर्ड वॉक-ऑन म्हणून." आम्ही ऐकलं ते "हवा आहेस" एवढंच. मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर पेढेसुद्धा वाटून झाले. नंतर कळलं की यात छदाम नाही. फक्त संघात जागा, तीही तोंडी. सगळा खर्च धरून वर्षाला सुमारे 30 हजार डॉलर. आम्हाला इन-स्टेट फी लागेल असं प्रवेश कार्यालयाने लेखी कळवलंय, तेवढी एक काळजी मिटली.

दुसरं: शेजारच्या राज्यातलं डिव्हिजन टू. खर्च 44 हजार. त्यातून खेळाचे 5 हजार आणि मार्कांवर 14 हजार सुटणार, म्हणजे आमचे 25 जाणार. खेळाचे पैसे एका वर्षापुरते. मार्कांचे चार वर्षं, जीपीए 3.0 राखला तर. अडचण अशी की तिथे इंजिनिअरिंग नाही. तीन वर्षं तिथे आणि दोन वर्षं दुसऱ्या कॉलेजात अशी सोय आहे म्हणे.

तिसरं: छोटं खासगी, डिव्हिजन थ्री. इंजिनिअरिंग उत्तम. खर्च 78 हजार. खेळासाठी एक पैसाही नाही, कारण डिव्हिजन थ्रीत खेळाची शिष्यवृत्ती नसतेच. पण कोचने प्रवेश कार्यालयाकडून मार्क आधीच तपासून घेतलेत आणि म्हणतोय, 1 नोव्हेंबरच्या आत अर्ली डिसिजनने (लवकरचा अर्ज, प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं असं बांधून घेणारा) अर्ज कर, मी पाठीशी आहे. मेरिटचे 32 हजार मिळतील असा "अंदाज" त्याने फोनवर सांगितला. तरी 46 उरतात.

चिरंजीवांचं मन पहिल्यात अडकलंय. नवरा म्हणतो तिसरं, कर्ज काढू. मी पेढे वाटलेली बाई, माझं कोण ऐकतंय.

माझे प्रश्न: वॉक-ऑनच्या तोंडी शब्दावर किती विसंबायचं? एच-४ वर असताना कुठून कुठली मदत मिळते आणि कुठली विसरायची? तिसऱ्या वर्षात तो 21 चा होईल, तेव्हा व्हिसा बदलताना शिष्यवृत्ती जाते का? आणि अर्ली डिसिजनची सही आकडा न बघता करायची असते का?

(अवांतर: उन्हाळ्यात पाच कॅम्प केले. "खास तुझ्यासाठी निमंत्रण" अशी मेल यायची. तीच मेल संघातल्या झाडून सगळ्या पोरांना आलेली, एकाच्या आठवीतल्या भावालासुद्धा. नव्या पालकांनी सावध असावं.)

क्लीव्हलँडचा बाबा:
ताई, पेढ्यांचं मनावर घेऊ नका. आमच्या घरी मुलीच्या व्हॉलीबॉलच्या वेळी केक कापला होता.

वॉक-ऑनबद्दल. हाऊस खटल्यातली (कॉलेजच्या खेळाडूंना पैसे देण्यावरून चाललेला खटला) तडजोड जून 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केली, तेव्हापासून चित्र बदललंय. आधी वरच्या श्रेणीत फुटबॉलला 85 पूर्ण शिष्यवृत्त्या असायच्या आणि त्यावर वॉक-ऑन मुलं कितीही घेता यायची. आता तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना शिष्यवृत्तीची मर्यादा नाही, पण संघाची आहे: 105. म्हणजे 106 व्या मुलाला जागाच नाही, फुकट खेळायला तयार असला तरी. कापायची वेळ आली की आधी वॉक-ऑनवर येते. शिवाय ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) दुसऱ्या कॉलेजचा तयार किकर ते केव्हाही आणू शकतात. कोचला सरळ विचारा: आत्ता किकर किती, कुणाचं शेवटचं वर्ष, आणि माझा मुलगा 105 मध्ये धरलाय का? जो कोच यावर विषय बदलतो त्याचं उत्तर तुम्हाला मिळालेलं असतं.

आणखी एक. कुणी नातेवाईक "लेटर ऑफ इंटेंटवर (खेळाडू आणि कॉलेज यांना बांधून घेणारं पत्र) सही झाली का" विचारतील. ते पत्र ऑक्टोबर 2024 मध्ये बंद झालं. आता सही होते ती थेट आर्थिक मदतीच्या करारावर. वॉक-ऑनला सही करायला तसा कागदच नसतो, हे मुलाला नीट समजवा.

एच४ वाली मावशी:
या वाटेने मोठ्याला घेऊन गेलेय, म्हणून लिहिते.

फाफ्सा (सरकारी मदतीचा अर्ज) विसरा. सरकारी अनुदान आणि सरकारी कर्ज नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांना. एच-४ त्यात बसत नाही. (इथे जन्मलेल्या मुलांचे आईबाप हे वाचून घाबरू नका. मूल नागरिक असेल तर आईवडिलांचा व्हिसा आड येत नाही.) कॉलेजचे स्वतःचे पैसे ही वेगळी थैली. खेळाच्या आणि मेरिटच्या शिष्यवृत्तीला व्हिसा सहसा आड येत नाही. मात्र गरजेनुसार मदत देताना बरीच कॉलेजं एच-४ ला आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांत धरतात आणि त्यांच्यासाठी हात आखडता असतो. ॲमहर्स्ट आणि बोडनसारखी मोजकी डिव्हिजन थ्री कॉलेजं परदेशी मुलांचीही ऐपत न बघता प्रवेश देतात आणि गरज पूर्ण भागवतात, पण ती अपवाद. त्यामुळे कॉलेजच्या साइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा करून खर्च किती ते सांगणारा) तुम्हाला फसवेल, तो नागरिकांसाठी बनवलेला असतो.

21 ला एच-४ संपतो, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागतो. एफ-१ वर खेळायला आणि शिष्यवृत्ती घ्यायला काही अडचण नाही. पण जाहिराती, प्रायोजक, कॉलेजकडून मिळणारा महसुलाचा वाटा यांना वकिलाशी बोलल्याशिवाय हात लावू नका. एच-४ वरच्या मुलांना तर काम करायची परवानगीच नाही. बरोबरीची मुलं गाड्या घेतील, आपल्याने बघत बसायचं.

एक खवचट सदस्य:
क्रिकेटला घातलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

क्लीव्हलँडचा बाबा:
हो, आणि 47 यार्डही निघाले नसते.

डेन्व्हरहून:
डिव्हिजन थ्रीच्या कोचचा "अंदाज" आहे ना, त्यावर एक कवडी लावू नका. त्या श्रेणीच्या नियमांनुसार मदतीचा आकडा ठरवण्यात क्रीडा विभागाला हात घालताच येत नाही, आणि खेळतो म्हणून जास्त दिलं तर कॉलेज अडचणीत येतं. कोच प्रवेशाला धक्का देऊ शकतो, पैशाला नाही. थेट आर्थिक मदत कार्यालयाला लिहा: व्हिसा एच-४ आहे, लेखी अंदाज हवा, तोही 1 नोव्हेंबरच्या आधी. अर्ली डिसिजन बांधून घेतं, पण मदत अपुरी पडली तर त्यातून सुटता येतं. मात्र सुटताना नोव्हेंबर-डिसेंबर गेलेले असतात आणि बाकीचे कोच दुसऱ्या किकरकडे वळलेले असतात. किकर एका वर्षी एखादाच घेतात, हे विसरू नका.

डिव्हिजन टूचे 5 हजार बघून नाराज होऊ नका. फुटबॉलला तिथे 36 पूर्ण शिष्यवृत्त्यांइतका पैसा आणि पोरं शंभराच्या आसपास, मग तुकडे होणारच. तुमच्या जागी मी मार्कांचे 14 हजार खरे धरले असते आणि खेळाचे 5 हजार वरकड. उद्या मांडीचा स्नायू फाटला तरी मार्कांचे राहतील. खेळाच्या पैशांचं नूतनीकरण दर वर्षी, नाकारलं तर लेखी कळवावं लागतं आणि अपील करता येतं, पण त्या वेळी मूल कुठल्या मनःस्थितीत असतं ते बघितलंय मी.

आणि नुसतं "डिव्हिजन वन" ऐकून कुणी हुरळू नये. तुमच्याच ओहायोतलं डेटन डिव्हिजन वन आहे, पण ते ज्या पायोनियर लीगमध्ये खेळतं तिथे फुटबॉलची शिष्यवृत्ती नाही. आयव्ही लीगमध्येही नाही.

धागाकर्ती, आठ दिवसांनी:
सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देते.

पहिल्याच्या कोचला चिरंजीवांनी स्वतः फोन केला, मी स्वयंपाकघरात कान देऊन. किकर चार, त्यातले दोन पुढच्या वर्षीही आहेत, एक पोर्टलमधून येऊ घातलाय. 105 चं विचारल्यावर तो म्हणाला, "स्प्रिंगमध्ये बघू." फोन ठेवून पोरगा काही न बोलता चेंडूंची पिशवी घेऊन मैदानावर गेला. मीही मागोमाग गेले. त्या संध्याकाळी एकदाही "लेस!" म्हणून ओरडला नाही, दोन वेळा चुकली होती तरी.

तिसऱ्याच्या आर्थिक मदत कार्यालयाचं लेखी उत्तर आलं: मेरिट 27 हजार, गरजेची मदत आमच्या व्हिसावर शून्य. म्हणजे वर्षाला 51. कोचच्या अंदाजात आणि कागदात 5 हजारांचा फरक, चार वर्षांचे 20. नवऱ्याने कर्जाचा विषय स्वतःहून मिटवला. अर्ली डिसिजन करत नाही आहोत. नेहमीच्या मुदतीत अर्ज करू आणि आकडा वाढवून मिळतो का विचारू.

दुसऱ्या कॉलेजला या शनिवारी जातोय. ज्या कॉलेजात शेवटची दोन वर्षं जायचं, तिथे मार्क राखले तर प्रवेश नक्की की पुन्हा अर्ज, आणि मेरिटचे पैसे सोबत जातात की इथेच राहतात, हे विचारायचंय. या तीन अधिक दोनच्या वाटेने कुणाचं मूल गेलं असेल तर कृपया लिहा, शुक्रवारपर्यंत.

आणि एक फालतू प्रश्न: ऑक्टोबरातच बोटं बधिर व्हायला लागलीत. चेंडूचं टोक नीट कळेल असे पातळ पण उबदार हातमोजे कुणाला माहीत आहेत का?