मदत हवी आहे : नळाला गटाराचा वास, व्हॉल्व्हमन म्हणतो लाइन ठीक आहे

पेठेतली (सोमवार, रात्री ९.१०)
कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा. आमच्या आळीत नळाला घाण पाणी येतंय, तीन पाळ्या झाल्या. तक्रार दिली. व्हॉल्व्हमन आला, दोन घरचे नळ उघडून बघितले आणि 'लाइन ठीक आहे, तुमच्या घरातला पाइप सडला असेल' म्हणून गेला. माझ्या घरातला पाइप दोन वर्षांपूर्वीच बदललाय. समोरच्या घरात दोघा भावांना कावीळ झालीये. सासूबाईंना परवापासून जुलाब आहेत. शुक्रवारी परत पाळी. कुणाकडे जायचं आणि अर्जात काय लिहायचं तेवढं सांगा. फोन करा म्हणून सांगू नका, ते सगळे करून झालेत.

सरळरेघ (९.२२)
गाव कुठलं? ग्रामपंचायत की नगरपरिषद? पाळी किती दिवसांनी येते? घाण म्हणजे गढूळ, पिवळं की काळं? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

गावशिव (९.३१)
ग्रामसेवकाला पकडा. गावाच्या पाण्याचं सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. तुमच्या गावाचं कोणतं ते विचारा. जलसुरक्षक कोण तेही विचारा, ब्लीचिंग पावडर टाकायचं काम त्याचं. आमच्या गावी आम्ही ग्रामसभेत कार्डाचा विषय लावून धरला, तेव्हापासून पावडरचा साठा संपू देत नाहीत.

पेठेतली (९.४०)
नगरपरिषद आहे हो. तालुक्याचं गाव, मंगळवारचा मोठा बाजार भरतो. इथे ग्रामसेवक नाही. नाव टाकत नाही, आमचं दुकान पेठेतच आहे, उद्या त्याच लोकांशी गाठ पडते. चार दिवसांआड पाणी, सकाळी सहाच्या सुमारास सुटतं, जेमतेम पाऊण तास. काळसर येतं, वास येतो.

शुद्धजल (९.५२)
ताई, तक्रारींच्या नादी लागू नका. चांगल्या कंपनीचा आरओ बसवून घ्या. मी २०१९ मध्ये बसवला, घरात एकही आजारपण नाही. टीडीएस मोजायचं छोटं यंत्रही घ्या, आकडा जास्त आला की पाणी प्यायचंच नाही.

पेठेतली (९.५५)
मी मशीन विचारलं नाही. आळीत बावीस घरं आहेत, त्यातली निम्मी भाड्याची. सगळ्यांनी आरओ बसवायचा का?

लॅबवाली (१०.०४)
टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. गटाराचं पाणी मिसळलंय की नाही हे त्यावरून कळत नाही. आकडा दोनशे दिसेल आणि पाण्यात कावीळ असेल. कृपया कुणी त्या भरवशावर राहू नका.

पेठेतली, मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. आज रात्रीपासून पिण्याचं, चूळ भरायचं, बाळाच्या दुधाचं सगळं पाणी उकळून घ्या. नुसतं गरम करून चालणार नाही, खळखळून उकळी फुटू द्या. आळीत कुणी गरोदर आहे का? हिपॅटायटिस ई या प्रकारची कावीळ असेल तर गरोदर बाईच्या जिवावर बेततं. त्या घरी आत्ताच निरोप द्या. सासूबाईंना ओआरएस सुरू केलंय का? वय किती?

पेठेतली (१०.१५)
एक आहे गरोदर, कोपऱ्यावरच्या घरात, सातवा महिना. आत्ता जाऊन सांगून आले. सासूबाई ७१. ओआरएस चालू आहे, सकाळी ग्रामीण रुग्णालयात नेते.

डोंगरवाट (१०.२०)
काविळीला झाडपाल्याचं औषध देणारे आमच्याकडे आहेत. तीन दिवस उपाशीपोटी घ्यायचं, चौथ्या दिवशी डोळे पांढरे. पत्ता हवा तर व्यनि (खासगी निरोप) करा.

लॅबवाली (१०.२६)
नको. या विषाणूंची कावीळ बऱ्याच जणांना विश्रांतीने आपोआप उतरते आणि श्रेय औषधाला मिळतं. पण ज्याचं यकृत आतून खराब होत चाललंय त्याचे हे तीन दिवस फुकट जातात. दोघा भावांची रक्ततपासणी झालीच पाहिजे.

दहा_रुपये_तिकीट (१०.३८)
माहिती अधिकार टाका, त्याशिवाय हे हलत नाहीत. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. तीन महिन्यांचे क्लोरीन तपासणीचे नोंदवहीतले उतारे मागा. तसंच पाणी नमुन्यांचे अहवाल मागा.

निवृत्त_ओव्हरसियर (१०.५०)
माहिती अधिकाराचं उत्तर तीस दिवसांत. तोवर सहा पाळ्या होतील. आधी गळती शोधायला हवी.

दहा_रुपये_तिकीट (१०.५७)
काका, कायदा पुरता वाचा. जीविताचा प्रश्न असेल तर कलम ७(१) प्रमाणे ४८ तासांत माहिती द्यावी लागते. अर्जात तसं स्पष्ट लिहायचं.

निवृत्त_ओव्हरसियर (११.१०)
बरोबर आहे, टाकू द्या. पण कागद मिळाला तरी पाइप कुठे फुटलाय ते कागदावर नसतं. पाणीपुरवठ्यात माझी बत्तीस वर्षं गेली, म्हणून विचारतो. ताई, नीट आठवून सांगा :
पाणी सुटल्यासुटल्या घाण येतं आणि मग निवळतं, की शेवटपर्यंत तसंच?
बावीस घरांपैकी नेमकं कुठल्या घरापासून वास आहे?
कुणाच्या नळाला थेट मोटर लावलेली आहे का?
गेल्या दोन-तीन महिन्यांत आळीत खोदकाम किंवा पाडकाम?
तुम्ही पाणी हंड्यात भरता की हौदात?

पेठेतली (मंगळवार, सकाळी ७.०५)
काका, रात्रीच सगळीकडे फिरून विचारलं. पहिली दहा-पंधरा मिनिटं काळसर, मग निवळतं, वास मात्र राहतो. मारुतीच्या देवळापासून वरच्या नऊ घरांना काहीच त्रास नाही. खालच्या तेरा घरांना आहे. मोटर चौघांकडे आहे, आमच्याकडेही. खोदकाम नाही. पाणी थेट तळहौदात जातं, पहाटे तोटी उघडीच ठेवतो.

लॅबवाली (७.२०)
म्हणजे पहिलं काळं पाणी सरळ हौदात! ताई, तो हौद आज उपसून घासून घ्या. ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भिंती धुऊन घ्या. नाहीतर लाइन दुरुस्त झाली तरी तुमच्या घरात तेच पाणी राहील. शुक्रवारी पहिली पंधरा मिनिटं पाणी बाहेर सोडा.

पेठेतली (७.२४)
हे कुणीच सांगितलं नव्हतं. आज दुकान बंद ठेवून करते.

आठवडीबाजार (८.४०)
मंगळवारच्या बाजाराचाच हा परिणाम आहे. भाजीवाले संध्याकाळी कोबीची पानं, सडके टोमॅटो गटारात लोटून जातात. गटार तुंबलं की पाणी चढतं. बाजार गावाबाहेर हलवा, ही मागणी मी दहा वर्षं करतोय.

वांगी_पिकवणारा (९.१५)
मी भाजीवालाच आहे, पहाटे चारला निघून बाजाराला येतो. पावती फाडतात ती प्रत्येक जागेची. कचरा टाकायला एक कुंडी नाही, बायकांना जायला मुतारी नाही, हात धुवायला नळ नाही. पानं घरी परत न्यायची का? गावाबाहेर बाजार नेला की म्हाताऱ्या बायका डोक्यावर पाटी घेऊन कुठवर चालणार? कुंडी ठेवा, मी स्वतः भरून देतो.

आठवडीबाजार (९.२८)
कुंडीचं मान्य आहे. पण फरशी उचलून गटारात ढकलताना मी डोळ्यांनी बघितलंय.

सरळरेघ (९.३५)
बाजाराचा वेगळा धागा काढा. इथे लोक आजारी आहेत.

चोवीसतास (१०.०२)
मूळ दुखणं चार दिवसांआड पाण्याचं आहे. कराडशेजारच्या मलकापूरला चोवीस तास मीटरने पाणी देतात. नळात सतत दाब असला की बाहेरचं पाणी आत शिरूच शकत नाही, उलट गळतीतून आतलं बाहेर येतं. सगळ्या नगरपरिषदांनी तेच करायला हवं.

निवृत्त_ओव्हरसियर (१०.३०)
चोवीसतास यांचं तत्त्व शंभर टक्के खरं. पण ती काही वर्षांची योजना झाली, ताईंची पाळी शुक्रवारी आहे.

त्याच तत्त्वावर शोधू या. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आत ओढ तयार होते. त्यात चार मोटरी चालू राहिल्या की शेवटचं पाणी शोषून घेतात आणि जिथे भोक असेल तिथून गटार आत येतं. पुढच्या पाळीला ते आधी बाहेर पडतं, म्हणून पहिली पंधरा मिनिटं काळं. वरची नऊ घरं चांगली आहेत, म्हणजे भोक देवळाच्या खाली, पहिल्या एक-दोन घरांच्या आसपास. शुक्रवारी मोटरी कुणीही लावायच्या नाहीत, हात जोडून सांगा सगळ्यांना. पाणी सुटायच्या वेळी बॅटरी घेऊन गटाराच्या कडेने चाला. फरश्या उचलून बघा. जिथे गटाराचं पाणी एकदम स्वच्छ दिसेल, बुडबुडे येतील, ती जागा. पाणी बंद झाल्यावर तिथेच कान लावा. आणि पाडकामाचं तुम्ही उत्तर दिलं नाहीत.

पेठेतली (१०.४१)
पाडकाम… देवळाशेजारचा जुना वाडा पाडला, दोन महिने झाले. आमच्या आळीत खोदकाम नाही म्हणून लिहिलं नाही. तिथे आता मोकळी जागा आहे, पत्रे ठोकलेत.

निवृत्त_ओव्हरसियर (१०.४६)
त्या वाड्याचा नळ कुणी बंद केला?

पेठेतली (१०.४८)
माहीत नाही.

लॅबवाली (११.०५)
एक मुद्दा. काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला साधारण दोन ते सहा-सात आठवडे लागतात. तुमचा वास बाराच दिवसांचा आहे. म्हणजे पाणी त्याच्या आधीपासून खराब असणार. दोन महिन्यांपूर्वीचा वाडा त्यात बसतो.

निवृत्त_ओव्हरसियर (११.१२)
आणि वास आत्ता यायला लागला, कारण गटार पुढे तुंबून पातळी वाढली असणार. आठवडीबाजार, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर निघेल. पण तुंबलेलं गटार नळात आपोआप शिरत नाही, त्याला दार उघडं असावं लागतं.

पेठेतली (शुक्रवार, सकाळी ८.३०)
सापडलं.

सहा दहाला पाणी सुटलं. मी, समोरच्या काकू आणि दोन पोरं बॅटऱ्या घेऊन उभे होतो. पत्र्यांसमोरची दुसरी फरशी उचलली. खाली अर्ध्या इंचाचा गंजलेला पाइप, तोंड वाकवून ठोकलेलं, त्यावर चिंधी आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. पट्टीच्या बाजूने पाण्याची चिळकांडी उडत होती आणि तेवढ्या हातभर जागेत गटाराचा तळ दिसत होता, एरवी तिथे काळा गाळ असतो. पावणेसातला पाणी बंद झालं. आम्ही गप्प उभे राहिलो. सुर्र असा आवाज आला आणि ट्यूबची पट्टी आत ओढली गेली. डोळ्यांदेखत गाळ त्या फटीत शिरताना बघितला. काकू तिथेच खाली बसल्या, त्यांचे दोन्ही मुलगे काविळीने घरी पडलेत.

व्हिडिओ घेऊन कार्यालयात गेले. तिथे म्हणाले, नळजोड बंद करायला मिळकतधारकाचा अर्ज लागतो. मालक पुण्यात. आता?

दहा_रुपये_तिकीट (८.४१)
त्यांच्याकडून हे लेखी घ्या. लगेच.

निवृत्त_ओव्हरसियर (८.५५)
साथीचा धोका समोर दिसत असताना मालकाची वाट बघत नाहीत. मालकाच्या अर्जाचा रिवाज रोजच्या कामाला. तुम्ही मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज द्या आणि एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, दोन्हीवर आवक शिक्का घ्या. थोडक्यात लिहा : अमुक ठिकाणी वापरात नसलेला नळजोड गटारात उघडा आहे, पाणी बंद झाल्यावर गटार आत ओढलं जातं, व्हिडिओ सोबत. खालच्या तेरा घरांत इतके रुग्ण, एक गरोदर. मागणी अशी लिहा : मुख्य लाइनवरचं फेरूल (नळजोड जिथे लाइनला जोडलेला असतो तो भाग) खोदून बंद करावं, लाइन धुऊन जादा क्लोरीन सोडावं, शेवटच्या घरी ओटी तपासणी (पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का ते बघणं) करावी. 'फेरूलवर बंद' हे शब्द सोडू नका, नाहीतर गटारातच लाकडी खुंटी ठोकून जातील आणि ती वर्षभरात कुजेल.

सरळरेघ (९.०३)
तेरा घरांच्या सह्या घ्या. एकटीचा अर्ज देऊ नका.

पेठेतली (शनिवार, संध्याकाळी ६.२०)
एकोणीस सह्या झाल्या, वरच्या घरांनीही दिल्या. आरोग्य अधिकारी स्वतः येऊन बघून गेले. आज दुपारी खोदलं आणि फेरूल बंद केलं. लाइन धुतली. ओटीचे थेंब टाकल्यावर शेवटच्या घरी पिवळा रंग आला, पण रविवारपर्यंत लाइन किती आणि कशी क्लोरीन धरून ठेवते बघायचंय असं म्हणाले. भाऊ दोघंही बरे आहेत, रक्ताचे अहवाल सोमवारी. कोपऱ्यावरच्या ताईंची तपासणी झाली, काही निघालं नाही. सासूबाई जेवल्या आज.

लॅबवाली (६.३५)
पिवळा रंग म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे, शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. पण बुधवारच्या पाळीचा नमुना जिल्हा प्रयोगशाळेत द्याच. बाटली तिथूनच आणा, निर्जंतुक केलेली. आत थोडं औषध असतं, ती विसळू नका. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. १०० मिलिलिटरमध्ये ई कोलाय (विष्ठेतले जंतू) अजिबात सापडता कामा नये. तोवर उकळणं चालू.

वांगी_पिकवणारा (७.१०)
आमच्या गल्लीतही दोन घरं पाडलीत. त्यांचे नळ कुणी बंद केले ते उद्या विचारतो.

निवृत्त_ओव्हरसियर (७.१८)
विचारू नका, पाळीला फरशी उचलून बघा.

पेठेतली (मंगळवार, रात्री ९.४५)
बाटली आणलीये, कपाटात वर ठेवलीये, पोरांचा हात लागू नये म्हणून. उद्या चौघंही मोटर लावणार नाहीत, कबूल करून घेतलंय. पहिली पंधरा मिनिटं सोडून मग भरते.