विमान उतरताना काय घडलं? – तुमचे अनुभव लिहा

सप्टेंबर 2023मध्ये भर पावसात मुंबईला एक छोटं लिअरजेट धावपट्टीवरून घसरलं आणि त्याचे दोन तुकडे झाले. आतले आठही जण वाचले! आमच्याकडे तेव्हा विषय निघाला, तर ज्याच्या-त्याच्याकडे एकेक किस्सा. तुमचेही येऊ द्या. ऐकीव असेल तर तसं सांगा.

---

फ्लाइंग स्कूलमधला किस्सा. आमच्या बॅचचा एक मुलगा सेसना 152 घेऊन सोलोला, म्हणजे एकट्याने उडवायला, गेला होता. उतरताना विमान उसळलं, त्याने घाबरून योक (विमानाचं हँडल) पुढे दाबला आणि नाकाचं चाक आधी आपटलं. मग बेडूकउड्या. अशा वेळी पॉवर देऊन परत वर जायचं असतं, पण तिसऱ्या उडीला चाक मोडलं. आम्ही धावत पोचलो तेव्हा प्रॉपेलरची दोन्ही पाती टोकाशी मागे वळलेली. पठ्ठ्याला खरचटलंही नव्हतं, बाजूला उभा राहून "मिक्स्चर बंद, मास्टर बंद" (म्हणजे इंधन बंद, वीज बंद) पुटपुटत होता. बघणाऱ्याला वाटतं पाती बदलली की झालं. पण प्रॉपेलर जमिनीला लागला की इंजिन उघडून तपासावं लागतं. ते विमान हँगरमध्ये पडून राहिलं आणि आमचे सगळ्यांचे उड्डाणाचे तास रखडले.

---

माझं सासर मंगळूर. तिथली धावपट्टी टेबलटॉप, पुढे दरी. एकदा चाकं टेकणार तेवढ्यात पायलटने विमान परत उचललं. शेजारचे काका म्हणाले, "नवशिका दिसतोय." मला उलट हायसं वाटलं. 2010मध्ये इथेच विमान अपघातात 158 माणसं गेली. सहवैमानिक परत वर जायला सांगत होता, हे चौकशीत आलंय.

---

आमचं टायर फुटलं होतं. आवाज केवढा तरी, बाकी काही नाही. बॅगा मात्र रात्री उशिरा मिळाल्या.

---

पावसात विमान आदळलं म्हणून पायलटला शिव्या घालू नका. ओल्या धावपट्टीवर ते जरा ठणकावूनच टेकवतात. अलगद उतरवलं तर चाकं पाण्यावर तरंगतात आणि ब्रेक धरत नाहीत.

---

केबिन क्रूमध्ये होते. एकदा चाकांच्या गिअरमधून धूर आला, बाहेर पडायच्या घसरगुंड्या उघडल्या. एक बाई ट्रॉलीबॅग सोडेनात, मागे रांग खोळंबली. मी बॅग हिसकावून मागच्या सीटवर फेकली आणि बाईंना ढकललं. खाली गेल्यावर त्यांनी माझी तक्रार केली.