मदत हवी आहे : अभ्यासिका कलम ६३ मध्ये घालावी की ६६ मध्ये?

सोलापूरच्या कॉलेजातल्या मुलांनी अशासकीय विधेयकाचा (मंत्री नव्हे, साधा आमदार मांडतो त्याचा) मसुदा केलाय. पूर्व भागात घरातच माग खडखडतात, मग पोरं अभ्यास करणार कुठं? म्हणून प्रभागनिहाय अभ्यासिका. नवा कायदा कशाला, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ ची दुरुस्ती पुरे. (ती इतर महानगरपालिकांनाही लागेल, म्हणून ‘पूर्व भाग’ शब्द काढलाय.)

कलम ६६ म्हणजे महानगरपालिकेची मर्जी. ६३ म्हणजे बंधन. मुलांना ६३ हवं. घोडं अडलंय पैशावर. ‘खर्च राज्य शासन करील’ या एका ओळीमुळे बोजा राज्याच्या एकत्रित निधीवर, म्हणजे सरकारी तिजोरीवर जातो, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २०७(३) खाली राज्यपालांची शिफारस लागते. त्याऐवजी ‘महानगरपालिका निधीतून’ लिहिलं तर शिफारस टळेल? वित्तीय ज्ञापन (विधेयकाच्या खर्चाचं टिपण) तरीही जोडायचं का? विधेयक मांडणार आमदारच, पण त्यांच्याकडे कच्चा कागद नेणं बरं नाही. विधिमंडळाच्या कामातले जाणकार, सांगा.